बंबाचे पाइप आणि फळ्यावरची नावं

मागच्या रविवारी साताऱ्याहून वहिनींचा फोन आला. भाच्याला सुट्टीत ‘लीडरशिप’च्या शिबिराला घातलंय. पाच दिवस, फी बऱ्यापैकी, आणि शेवटच्या दिवशी प्रत्येक मुलानं पालकांसमोर माइकवर दोन मिनिटं बोलायचं. “तुमच्याकडे असतं का गं असलं काही?”

म्हटलं, असतं की. आमची लेक दर सोमवारी संध्याकाळी गावच्या अग्निशमन दलात जाते.

“आगीच्या बंबावर? तेरा वर्षांची पोर?”

वहिनींना जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर सांगते. आमचं गाव स्टुटगार्टपासून तासाभरावर, लहानसं. जर्मनीत पगारी अग्निशमन दल मुख्यतः मोठ्या शहरांत असतं. बाकीचा देश गावकऱ्यांच्या स्वयंसेवी दलांवर चालतो. आमच्याकडचा बेकरीवाला, शाळेतल्या एक बाई, सुतारकाम करणारे शेजारी, सगळे दलात आहेत. कमरेचा पेजर वाजला की हातातलं काम टाकून पळतात. या दलाची मुलांची शाखा असते, तिला युगेंडफॉयरवेर म्हणतात. साधारण दहाव्या वर्षापासून घेतात. मुलांना खऱ्या आगीवर नेत नाहीत, हे आईला तीनदा सांगावं लागलं.

पहिले सहा महिने लेकीनं काय केलं? पाइप गुंडाळले. पंधरा-पंधरा मीटरचे, ओले, जड. पीळ न पडता गुंडाळायचे, कारण पीळ पडलेला पाइप ऐन वेळी उलगडत नाही, आणि तो उलगडणारा माणूस कदाचित शेजारचा सुतारच असणार. तिच्या वयात मी वक्तृत्व स्पर्धेत ‘आजचा युवक’ या विषयावर टाळ्या मिळवत होते. विषय मला कळला नव्हता, टाळ्या मात्र कळल्या होत्या.

पुढे पंधरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी एक मोठी परीक्षा असते. नऊ जणांचा गट. पाइप जोडत न्यायचे, दीड किलोमीटरची रिले, गोळाफेक, पाण्याचा मारा, शिवाय तोंडी प्रश्न. पास व्हायचं ते नऊच्या नऊ जणांनी, नाहीतर कुणीच नाही. सगळ्यात हळू पळणाऱ्याला कुठला टप्पा द्यायचा, हे आतापासूनच तिथली मोठी मुलं डोकं लावून ठरवताना दिसतात. आपल्याकडच्या ‘पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट’मध्ये या हळू पळणाऱ्याचं काय करायचं ते कुणी शिकवत नाही. त्याचे पालक त्याला दुसऱ्या क्लासला घालतात, एवढंच.

जानेवारीत ही पोरं घरोघरचे जुने ख्रिसमस ट्री गोळा करतात. लोक झाडाबरोबर थोडे पैसे देतात आणि ते शाखेच्या खात्यात जातात. गेल्या वर्षी लेक चिटणीस म्हणून निवडून आली (दोन मतांनी, हे ती रोज सांगायची). झाडांच्या पैशांतून तंबूच्या सहलीला जायचं असा ठराव मुलांनी केला आणि बसभाडं धरायलाच विसरली. कोपऱ्यात बसलेल्या प्रमुखाला ते दिसत होतं, तरी तो गप्प राहिला. पुढच्या बैठकीत पोरांनीच डोकं धरलं आणि दोन दिवसांची सहल एका दिवसावर आणली. मी तिथे असते तर दहाव्या मिनिटाला तोंड उघडलं असतं.

मला वाटतं, फरक इथेच आहे. ही शाखा मुलांच्या ‘विकासा’साठी काढलेली नाही. आज पोरं आली नाहीत तर पंधरा वर्षांनी गावात बंब असेल, चालवायला माणूस नसेल. गावाला मुलांची खरोखर गरज आहे आणि हे मुलांना समजतं. शिबिराला मुलांकडून हवी असते ती फी.

आपल्याकडे नेतृत्वाचा पहिला धडा म्हणजे मॉनिटर. बाई नेमणार, मॉनिटर फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहिणार. वर खूश ठेवायचं, खाली दरारा. पुढे कॉलेजात गेलं तर विद्यार्थी परिषदेच्या खुल्या निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या. २०१६च्या विद्यापीठ कायद्यानं त्यांना पुन्हा वाट दिली आणि मग त्या लांबतच राहिल्या. बाडेन-वुर्टेम्बर्ग या आमच्या राज्यात मात्र २०२४च्या जूनमध्ये सोळा वर्षांची मुलं गावच्या परिषदेसाठी नुसतं मत देत नव्हती, उमेदवार म्हणूनही उभी राहू शकत होती.

हे वाचून ‘झालं, जर्मनीचं कौतुक सुरू’ असं कुणी म्हणेल. मग ही बाजूही ऐका. लेकीच्या गटात परदेशी आईबापांची मुलं दोनच. दार उघडं होतं, पण ते आमच्यासाठीही आहे हे कळायला आम्हाला चार वर्षं लागली. कुणी बोलवायला आलं नाही. शिवाय तिचा पासपोर्ट भारतीय. सोळाव्या वर्षी ती या गावासाठी पाइप ओढेल, पण मत देऊ शकणार नाही. जर्मनी आता दुहेरी नागरिकत्व मान्य करते, भारत करत नाही. या प्रश्नावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

आणि वेळ? लेकीची शाळा बरेच दिवस एकला सुटते. भाचा शाळेतून क्लासला जातो आणि साडेआठला घरी येतो. सोळाखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नका, असं केंद्रानं जानेवारी २०२४मध्ये सांगितलं. साताऱ्यात ते बहुधा पोस्टानं यायचं आहे. पण वहिनींना दोष देणं मला जमणार नाही. त्यांच्यासमोरची स्पर्धा खरी आहे, आणि इथे बसून ‘क्लास सोडा’ म्हणायला माझं काय जातं?

तरी एक गोष्ट मनात येते. गावाला मुलांची गरज असण्याची जागा आपल्याकडे नाही असं कुठे आहे? १९४१पासून राष्ट्र सेवा दलाच्या शाखा होत्याच, काही ठिकाणी अजून आहेत. आणि गल्लोगल्ली गणेश मंडळं आहेत. तिथे मुलं काय करतात? वर्गणीला दारोदार फिरतात, ढोल वाजवतात, खुर्च्या लावतात. पावतीपुस्तक मात्र काकांच्या खिशात. राबायला मुलं चालतात, हिशेबाला चालत नाहीत.

वहिनींना म्हटलं, “शिबिर राहू दे. यंदा मंडळाचा जमाखर्च मुलांकडे द्या. चुकेल, चुकू दे.”

वहिनी हसल्या. “खजिनदार तुझा दादाच आहे. त्यालाच विचार.”

त्याच रात्री दादाला मेसेज टाकला. दोन निळ्या टिका आल्या आहेत, उत्तर अजून नाही.