वेगाला घाट हवा

"आत्या, तुमच्याकडे तर स्पीड लिमिटच नसतं ना?" चिंचवडहून भाच्याचा मेसेज आला तेव्हा मी जर्मनीत, बॉनच्या ट्राममध्ये होते. पोरगा सोळा वर्षांचा. मेसेजसोबत एक व्हिडिओ होता: रात्रीचा कुठलासा हायवे, काटा १८०वर, मागे ढणढणणारं गाणं. गाडी त्याची नाही, चालवणाराही ओळखीचा नाही, पण पोराला वेड लागलंय हे उघड होतं. त्याच रात्री दादाचा फोन आला. "असल्या गाड्या रस्त्यावर येऊच देऊ नयेत. कल्याणीनगर विसरलीस का?"

विसरलेले नाही. १९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात पोर्शेच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असं पोलिसांनी सांगितलं. गाडीची कायमची नोंदणीही झालेली नव्हती. त्या मुलाला जामीन देताना बाल न्याय मंडळाने तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, तेव्हा तर बोलायलाही काही उरलं नाही.

तेव्हापासून घरी दोन बाजू पडल्या आहेत. दादा म्हणतो, स्पोर्ट्स कार म्हणजे श्रीमंतांचा माज, बंद करा. भाचा म्हणतो, आता समृद्धी झाला, अटल सेतू झाला, रस्ते चांगले झाले की वेगही येणारच, जर्मनीत बघा. जर्मनीचा दाखला दोघंही देतात. दादासाठी जर्मनी म्हणजे शिस्त आणि भाच्यासाठी मोकळीक. मी तेरा वर्षं इथे राहते आहे. माझ्या मते दोघांच्या नजरेतून एकच गोष्ट सुटते आहे, आणि ती ऑटोबानवर, म्हणजे इथल्या हायवेवर नाही.

भाच्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. ऑटोबानवर सरसकट मर्यादा नाही, १३० ही फक्त शिफारस आहे. पण बऱ्याच टप्प्यांवर पाट्या लावून मर्यादा घातलेली असते. गावात ५०, आणि माझ्या घरासमोरच्या गल्लीत ३०. त्या ३०च्या गल्लीतच मी लायसन्सच्या परीक्षेत नापास झाले. भारतीय लायसन्स इथे सहा महिने चालतं, त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. वळताना मी आरशात पाहिलं, पण मान वळवून खांद्यावरून मागे पाहिलं नाही. मागून सायकलवर एक बाई येत होत्या. मी त्यांच्यापासून चांगली लांब होते, तरी परीक्षकांनी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि शांतपणे म्हणाले, "आज एवढंच." घरी येऊन खूप रडले. भारतात मला लायसन्स मिळालं होतं ते वीस मिनिटांत, मैदानात गाडी एकदा पुढे आणि एकदा मागे घेऊन.

इथल्या नवख्याला तर त्याहून जास्त करावं लागतं. थिअरीचे चौदा दुहेरी तास, प्रथमोपचाराचा कोर्स आणि नेहमीच्या सरावाखेरीज बारा खास फेऱ्या: पाच गावाबाहेरच्या रस्त्यावर, चार ऑटोबानवर, तीन अंधारात. सगळं मिळून तीनएक हजार युरो सहज जातात. मग दोन वर्षं उमेदवारीची, त्या काळात दारूचा एक थेंबही चालत नाही. आणि कल्याणीनगरच्या संदर्भात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे: इथे सतरा वर्षांचं पोर गाडी चालवू शकतं, अगदी कायद्याने. पण शेजारी आधीच नोंदवलेलं मोठं माणूस बसलेलं हवं. ते किमान तीस वर्षांचं हवं, त्याचं लायसन्स किमान पाच वर्षं जुनं हवं आणि त्याच्या नावावर वाहतूक-गुन्ह्याचा एकाहून जास्त दंड-गुण नको. म्हणजे पोराच्या आधी बापाची तपासणी होते. आपल्याकडेही २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं आहे. अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. पण ते लागू होतं गुन्हा घडून गेल्यावर. इथला नियम किल्ली हातात देण्याआधीचा आहे.

आता वेगाबद्दल. बॉनपासून तासाभरावर आयफेलच्या डोंगरात न्यूरबुर्गरिंग आहे. आपल्या गाडीवेड्या पोरांना हे नाव पाठ असतं. तो ट्रॅक का बांधला गेला हे मात्र क्वचितच कुणाला माहीत असतं. १९२२मध्ये आयफेलची शर्यत निडेगनच्या आसपासच्या साध्या सार्वजनिक रस्त्यांवर झाली होती. वळणावर घरं, कडेला माणसं, मध्येच धूळ. गाड्यांचा वेग वाढत गेला तसं हे फार काळ चालणार नाही हे लोकांना कळलं. आयफेलचा प्रदेश तेव्हा गरीब होता, हाताला काम नव्हतं. म्हणून बेरोजगारांना काम देता देता डोंगरात एक वेगळा रस्ताच बांधला, फक्त शर्यतींसाठी. १९२५ला काम सुरू झालं, जून १९२७मध्ये ट्रॅक उघडला आणि पहिली मोठी शर्यत काराचिओला या जर्मन चालकाने जिंकली. आपल्याकडे दुष्काळात रोजगार हमीवर पाझर तलाव झाले, तसं यांनी डोंगरात शर्यतीचा रस्ता केला.

त्यातली उत्तरेची २०.८ किलोमीटरची फेरी आजही वापरात आहे. ठरलेल्या दिवशी तीसएक युरो भरून कोणीही आपली गाडी तिथे नेऊ शकतं. पण तेव्हाही तो रस्ता कायद्याने टोल भरून जाण्याचा एकेरी रस्ताच असतो आणि वाहतुकीचे नियम लागू असतात. उजवीकडून ओव्हरटेक करायचं नाही, वेळ मोजायची नाही. कठड्याला धडकलात तर कठड्याचं बिल तुम्हाला येतं, आणि बऱ्याच विमा कंपन्या तिथलं नुकसान भरतच नाहीत. माझ्या ऑफिसातला एक जण आपली बारा वर्षांची जुनी गोल्फ गाडी घेऊन वर्षातून दोनदा जातो. एरवी तो इतका सावकाश चालवतो की मागचे वैतागतात.

तो ट्रॅक निर्धोक आहे, असं मी म्हणणार नाही. १ ऑगस्ट १९७६ला फॉर्म्युला वनचा चालक निकी लाउडा तिथेच जळत्या गाडीत सापडला आणि त्यानंतर फॉर्म्युला वन त्या फेरीवर पुन्हा आली नाही. २०१५मध्ये शर्यतीतली एक गाडी कुंपणावरून उडाली आणि प्रेक्षकांतला एक जण गेला. पण धोका कुणाचा आणि तो कुणी पत्करला, हे तिथे स्पष्ट असतं. कल्याणीनगरला दुचाकीवरच्या दोघांनी काहीच पत्करलं नव्हतं.

तिथल्या चोवीस तासांच्या शर्यतीला मी चारदा गेले आहे. दोन लाखांवर माणूस जमतं. ब्र्युन्शनच्या वळणावर लोक आदल्या आठवड्यापासून जागा धरतात. घरचा जुना सोफा आणतात, परांचीचे पाइप बांधून मचाण करतात, शेकोट्या पेटवतात. रात्री दोन वाजता धुक्यातून आधी नुसता आवाज येतो, मग दोन पिवळे दिवे, मग तापून लाल झालेल्या ब्रेकच्या चकत्या, आणि क्षणात सगळं झाडांमागे जातं. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला आजोळची यात्रा आठवली. खेड तालुक्यात आजोळ आहे माझं. बैलगाडा शर्यतीच्या धावपट्टीच्या, म्हणजे घाटाच्या, दोन्ही कडांना अशीच माणसं खेटून बसलेली, माईकवर पुकारा, निशाण पडलं की "भिर्रर्र" आणि बारा-तेरा सेकंदांत बारी संपलेली. मामा मला खांद्यावर घ्यायचा. बैल कुणाचे, कुठल्या गावचे, मागच्या यात्रेला किती सेकंदांत आले, सगळं त्याला तोंडपाठ.

म्हणून "आपल्याकडे रेसिंगची संस्कृती नाही" हे वाक्य मला पटत नाही. वेगाचं प्रेम आपल्या मातीत आहे. आणि त्या प्रेमाने जागाही मागितली आहे. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती बंद केल्या, गावं वर्षानुवर्षं झगडली, विधिमंडळाने कायदा केला, डिसेंबर २०२१मध्ये न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३मध्ये घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. परवानगी, बैलांची तपासणी, काठी नाही, चाबूक नाही. बैलगाडा कुणी पुणे-नाशिक हायवेवर पळवत नाही, त्याला घाट लागतो हे लहान पोरालाही कळतं. मोटारीच्या बाबतीतच आपण घाट विसरलो.

दादाच्या बंदीच्या मागणीवर मला स्वित्झर्लंड आठवतं. १९५५ला फ्रान्समध्ये ल मान्सच्या शर्यतीत गाडी गर्दीत घुसून ऐंशीहून जास्त माणसं मेली, तेव्हा स्विस लोकांनी ट्रॅकवरच्या शर्यतींवर बंदी घातली आणि ती कित्येक दशकं पाळली. पण स्पोर्ट्स कार काही तिथून गेल्या नाहीत. रस्त्यावरच्या वेगाला आळा घालायला २०१३मध्ये वेगळा कायदा करावा लागला, बेफाम वेगाला किमान एक वर्ष कैद. शर्यतींवरच्या बंदीने रस्ता सुधारला नव्हता.

जर्मनीतही सगळं आलबेल नाही. १ फेब्रुवारी २०१६च्या रात्री बर्लिनच्या मुख्य रस्त्यावर दोघांनी सिग्नल तोडत शर्यत लावली आणि हिरव्या सिग्नलवर निघालेल्या एका वृद्धाचा जीव घेतला. पुढच्याच वर्षी बेकायदा शर्यत हा फौजदारी गुन्हा झाला आणि २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या एका चालकाची खुनाची शिक्षा कायम केली. अपघात नव्हे, खून. ऑटोबानवर मर्यादा हवी, असं माझंही मत आहे, आणि इथे ते बोलून दाखवलं की जेवणाच्या टेबलावर भांडण होतं. सुट्टीला येणारे आपले पाहुणे भाड्याने पोर्शे घेतात आणि २५०चा व्हिडिओ काढतात, तेव्हा मी सरळ सांगते, मला तो पाठवू नका.

पण एक आकडा मी दादाला नेहमी ऐकवते. १९७०मध्ये एकट्या पश्चिम जर्मनीत रस्त्यांवर १९ हजारांहून जास्त माणसं मेली. मग १९७२ला गावाबाहेरच्या रस्त्यांवर १००ची मर्यादा आली, १९७३ला दारूची, १९७६ला सीटबेल्ट, १९८४ला बेल्ट न लावण्याला दंड. आज एकत्रित जर्मनीत हा आकडा वर्षाला तीन हजारांच्या आत आहे. भारतात २०२२मध्ये १,६८,४९१ माणसं गेली. या सगळ्या वर्षांत जर्मनांनी पोर्शेही बनवली, शर्यतीही भरवल्या.

आपल्याकडे मोठं काही आणलं की ते वरून खाली येईल, असं धरून चालतात. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वन आली, तिन्ही वेळा जर्मनीचा फेटेल जिंकला आणि मग हा खेळ की करमणूक, कर किती, या वादात ती गेली. २०२३ला हैदराबादेत विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई झाली, पुढच्या वर्षीची रद्द झाली. २०२३लाच बुद्धवर मोटारसायकलींची मोटोजीपी आली. दरवेळी फोटो, मंत्री, तिकिटं, आणि दोन वर्षांनी ओस पडलेले स्टँड.

फेटेलचा बाप सुतार होता. फॉर्म्युला वनमधल्याच शूमाकरचा बाप गवंडी, केर्पेनमध्ये कार्टचा, म्हणजे शर्यतीच्या छोट्या उघड्या गाड्यांचा, ट्रॅक सांभाळायचा आणि आई तिथल्या कँटीनमध्ये असायची. केर्पेन माझ्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर आहे. "श्रीमंतांचा खेळ" म्हणताना हे आठवावं. पुढे तो महागच होतो, ते खोटं नाही, पण सुरुवातीला आत शिरायला दार उघडं होतं.

ते दार मी दर पंधरवड्याला पाहते. माझी लेक दहा वर्षांची आहे. गावच्या मोटार क्लबची पोरं रविवारी एका बंद कारखान्याच्या पार्किंगमध्ये जमतात. नारिंगी शंकू मांडून वाट आखतात, एक जुनी कार्ट, तीच सगळ्यांना आळीपाळीने. शंकूला धक्का लागला की दोन सेकंद वाढतात. वेगात आलेलं पोर शंकू पाडतं आणि हळू चालवणारी पोरगी पहिली येते, असं कितीदा होतं. शिकवणारे निवृत्त मेकॅनिक आहेत, त्यांना पैसे मिळत नाहीत. बायका आणि बाप्ये मिळून सॉसेज भाजतात. वर्षाची वर्गणी आपल्याकडच्या एका महिन्याच्या ट्यूशनपेक्षा कमी असेल.

हे पिंपरी-चिंचवडला होणार नाही, असं मला कुणी सांगू नये. आकुर्डी, चाकण, तळेगाव या पट्ट्यात जगभर जाणाऱ्या मोटारसायकली आणि गाड्या बनतात. माझे बाबा त्यातल्याच एका कारखान्यात बत्तीस वर्षं फिटर होते. रविवारी रिकाम्या पडणाऱ्या पार्किंगच्या जागा तिथे शेकड्याने आहेत आणि हाताला इंजिन कळणारे निवृत्त लोक गल्लोगल्ली आहेत. मुंबईत जुहूच्या धावपट्टीवर एकेकाळी शर्यती व्हायच्या, मद्रासजवळ शोलावरमला व्हायच्या, पुढे तिकडे इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आला आणि कोइम्बतूरला करी स्पीडवे झाला. त्याच कोइम्बतूरचा नारायण कार्तिकेयन २००५ला फॉर्म्युला वनमध्ये पोचला. आपल्या महाराष्ट्रात कोल्हापूरने ते केलं. तिथल्या मोहित्यांच्या रेसिंग ट्रॅकवर पोरं घडली, कृष्णराज महाडिक ब्रिटनच्या फॉर्म्युला थ्रीत धावला. कोल्हापूरला जमतं ते चाकणला का जमू नये?

भाच्याला मी लिहिलं की दिवाळीनंतर ये, ऑटोबानवर नेणार नाही. शंकूंच्या मैदानावर नेते, तुझी दहा वर्षांची बहीण तुला हरवेल. दादाला वेगळं लिहिलं: त्याला किल्ली देऊ नकोस, आणि रविवारच्या पार्किंगबद्दल तुझ्या कारखान्यात कुणाशी तरी बोल. भाच्याचं उत्तर लगेच आलं, शंकूंची उंची किती असते असं विचारलंय. दादाने अजून मेसेज पाहिलेला नाही, सेकंड शिफ्टला आहे.