ओहायो स्टेटचा हंगाम बघताना

ऑलिंपिकमध्ये पदकं कमी पडली की महाराष्ट्रातल्या चर्चेत दोन सूर हमखास लागतात. एक म्हणतो, अमेरिकेत विद्यापीठंच खेळाडू घडवतात, आपणही तेच करावं. दुसरा खेळाडूंचे वाढीव गुण, सरकारी नोकरीतलं ५ टक्के आरक्षण आणि बोगस क्रीडा प्रमाणपत्रं यांच्याकडे बोट दाखवून म्हणतो, आधी हे निस्तरा. ओहायोतल्या कोलंबस शहरात बसून हे वाद वाचताना वाटतं, की दोन्ही बाजूंच्या डोळ्यांसमोर फक्त इथलं लाखभर प्रेक्षकांचं स्टेडियम आहे. त्यामागची रोजची व्यवस्था दिसायची असेल, तर ओहायो स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा २०२४ चा हंगाम बघावा.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वेळ मिळतो तो समोर उभ्या असलेल्या पाच आडदांड गड्यांमुळे. त्यातला मधला, सेंटर, चेंडू मागे देतो आणि कोणी कोणाला अडवायचं ते ओरडून सांगतो. डावीकडचा लेफ्ट टॅकल उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची न दिसणारी बाजू सांभाळतो. ओहायो स्टेटने नेमकी हीच दोन माणसं गमावली. १२ ऑक्टोबरला ओरेगनकडून ३२-३१ असा पराभव झाला, त्याच सामन्यात लेफ्ट टॅकल जॉश सिमन्सचा गुडघा गेला. नोव्हेंबरमध्ये सरावात सेंटर सेथ मॅक्लॉक्लिनच्या टाचेचा स्नायुबंध तुटला. या दोघांच्या मधल्या जागेवरच्या लेफ्ट गार्ड डोनोव्हन जॅक्सनला टॅकलच्या जागी सरकवलं, कार्सन हिन्झमनला मध्ये आणलं. पाचपैकी तीन जागांवर ऑगस्टपेक्षा वेगळा माणूस उभा राहिला.

३० नोव्हेंबरला मिशिगनविरुद्ध त्याची किंमत मोजावी लागली. मिशिगनचा संघ त्या वर्षी साधाच होता, पण बचावाच्या मधल्या फळीतले मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट हे दोघे अव्वल दर्जाचे. आपली फळी नवी आणि समोरची भक्कम, तरी ओहायो स्टेट त्या फळीच्या मधोमध चेंडू घेऊन धावत राहिली. २६ वेळा धावून जेमतेम ७७ यार्ड. क्वार्टरबॅक विल हॉवर्डचे दोन चेंडू प्रतिस्पर्ध्यांनी झेलले, खांबांमधून लाथेने मारायचे दोन फील्ड गोल हुकले आणि घरच्या मैदानावर १३-१० अशी हार झाली. तीन आठवड्यांनी टेनेसीविरुद्ध प्रशिक्षक रायन डे यांच्या संघाने डावच बदलला. सुरुवातीपासून चेंडू लांब फेकून मैदानाच्या कडेला, पहिल्याच वर्षात शिकणाऱ्या जेरेमाया स्मिथकडे. निकाल ४२-१७. पुढे ओरेगनला ४१-२१, टेक्सासला २८-१४ आणि २० जानेवारी २०२५ ला अटलांटात नोत्र दामला ३४-२३ असं हरवून जेतेपद. बारा संघांची बाद फेरी त्याच वर्षी सुरू झाली नसती, तर मिशिगनच्या सामन्यानंतर जेतेपदाची आशा संपलीच असती.

आता याच तारखा विद्यार्थ्याच्या बाजूने वाचा. पहिला सामना ३१ ऑगस्टला, सत्र नुकतंच सुरू झालेलं. मिशिगनची हार आणि टेनेसीचा सामना यांच्या मधे सत्रान्त परीक्षा. अंतिम सामना पुढचं सत्र सुरू झाल्यावर. एकूण सोळा सामने. अशा वर्षात मुलगा शिकतो कसा, तर कागदावर अगदी काटेकोर हिशेब ठेवून. प्रत्येक सत्रात किमान ६ क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, उत्तीर्ण व्हावी लागतात. फुटबॉलपटूला हंगामाच्या सत्रात ९ मिळाली नाहीत, तर पुढच्या हंगामातले पहिले चार सामने बाहेर बसावं लागतं. दुसरं वर्ष संपताना पदवीचा ४० टक्के भाग, तिसरं संपताना ६० आणि चौथं संपताना ८० टक्के पूर्ण हवा. हंगामात सरावाला आठवड्याला २० तासांची मर्यादा आणि एक दिवस सुट्टी. संघाचा शैक्षणिक गुणांक १००० पैकी ९३० च्या खाली गेला, तर संघाला बाद फेरीत खेळता येत नाही. पळवाटा आहेत. प्रवासाचे, उपचारांचे आणि ‘स्वेच्छेने’ व्हिडिओ बघण्याचे तास त्या वीसमध्ये धरत नाहीत, आणि सोप्या विषयांकडे मुलांना वळवलं जातं. तरीही दर सत्राला कुणीतरी प्रत्येक खेळाडूची क्रेडिट मोजतं, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

पैशाचा भाग मात्र आपण घेऊ नये. त्या संघावर साधारण २ कोटी डॉलर खर्च झाल्याचं विद्यापीठाचे क्रीडा संचालक रॉस ब्यॉर्क यांनीच सांगितलं होतं. तो पैसा तेव्हा बाहेरून, खेळाडूंच्या नाव आणि प्रतिमेच्या करारांतून येत होता. जुलै २०२५ पासून विद्यापीठं थेट पैसे देऊ शकतात. फुटबॉलच्या कमाईवर ३६ खेळ चालवणाऱ्या याच विभागाला जून २०२४ ला संपलेल्या वर्षात ३ कोटी ७० लाख डॉलरहून जास्त तूट आली होती, आणि त्या वर्षी घरी सहाच सामने होणं हे त्याचं एक कारण होतं. खेळातून विद्यापीठ स्वतःचा खर्च भागवेल, ही आशा इथेही मोजक्याच ठिकाणी खरी ठरते.

आपल्याकडे खेळाडूला शेवटी एकदाच गुण देतात, आणि तेही प्रमाणपत्र बघून. बोगस प्रमाणपत्रांना जागा मिळते ती तिथेच. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट आहेत, म्हणजे सत्राला सरासरी २०. शिवाय क्रेडिट साठवायला बँक आहे. मग स्पर्धेच्या सत्रात खेळाडूला १४ च घेऊ द्यावीत आणि उरलेली ६ उन्हाळ्यात. त्यासाठी आंतरविद्यापीठ स्पर्धांच्या तारखा जूनमध्ये जाहीर व्हायला हव्यात, कारण त्या उशिरा कळल्या की वेगळ्या परीक्षेसाठी प्राचार्यांच्या दारात उभं राहावं लागतं. विद्यापीठाच्या संघात निवड झाली की त्याच दिवशी ऑनलाइन नोंद, मग प्रत्येक सामन्याची नोंद सामनाधिकाऱ्याच्या सहीने. तीन वर्षांची अशी नोंद एका दुपारीत बनवता येत नाही. नोकरीतल्या आरक्षणाची पडताळणीही त्याच नोंदीवरून करता येईल. याला एका विद्यापीठामागे दोन-तीन पूर्णवेळ शैक्षणिक सल्लागार लागतील, नवं स्टेडियम लागणार नाही.

आणि दुखापत. सिमन्स, मॅक्लॉक्लिन यांच्यासारख्यांच्या उपचारांचा भार घरच्यांवर पडत नाही. ऑगस्ट २०२४ पासून तर अव्वल श्रेणीतल्या विद्यापीठांना खेळाडू बाहेर पडल्यावरही दोन वर्षांपर्यंत खेळातल्या दुखापतीचे उपचार पुरवणं बंधनकारक आहे. ‘अश्वमेध’ या राज्यातल्या आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सवात चढाई करताना एखाद्या कबड्डीपटूच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला, तर शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची सहा ते नऊ महिन्यांची फिजिओथेरपी कोणाच्या पैशाने होणार, हे संघ निवडतानाच लेखी ठरलेलं असायला हवं. आरक्षण आणि वाढीव गुणांच्या वादात ही मागणी कोणी जोरात लावून धरत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.