गादीखालचे पैसे

खालिद हुसैनी यांच्या ‘द काइट रनर’ या कादंबरीविषयी बोलताना बहुतेक वाचक एकाच प्रसंगापाशी येऊन थांबतात. १९७५ च्या हिवाळ्यात काबूलमधली पतंगांची स्पर्धा संपते आणि बारा वर्षांचा अमीर एका गल्लीत घरच्या नोकराच्या मुलावर, आपल्या सवंगड्यावर, हसनवर होणारा अत्याचार आडोशाला उभा राहून पाहतो आणि पळ काढतो. पहिल्या वाचनात मीही तिथेच अडकले होते. अलीकडे कादंबरी पुन्हा वाचली, तेव्हा मात्र त्या गल्लीपेक्षा मला एका गादीने अधिक छळले. (पुढे कथानक बरेच उघड केले आहे; ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांनी आधी ती वाचावी, अशी मनापासून विनंती.)

गल्लीतला अमीर भ्यायलेला होता. त्याच्या भीतीला मी माफ करत नाही, पण ती मला समजते. त्यानंतरचे महिने मात्र समजून घ्यायला फार जड जातात. ज्याचा घात केला तो हसन रोज सकाळी उठून न्याहारी मांडून ठेवतो, कपड्यांना इस्त्री करतो, बूट पुसून ठेवतो, आणि त्याच्या त्या निमूट सेवेने अमीरचा जीव गुदमरतो. एके दिवशी टेकडीवरच्या डाळिंबाच्या झाडाखाली अमीर हसनला डाळिंब फेकून मारतो, मग दुसरे, मग तिसरे, आणि ओरडून सांगतो की तूही मला मार. हसन रसाने लाल झालेला उभा राहतो. शेवटी तो एक डाळिंब उचलतो, अमीरच्या जवळ येतो, ते स्वतःच्याच कपाळावर फोडतो, आता बरे वाटले का, असे विचारतो आणि टेकडी उतरून निघून जातो.

हे पान वाचून मी पुस्तक बराच वेळ मिटून ठेवले होते. अमीरला तिथे हवी असते ती शिक्षा. हसनने एक तडाखा दिला असता तर हिशेब मिटला असता आणि रात्री झोप लागली असती. म्हणजे इथेही तो हसनकडे स्वतःसाठीच काहीतरी मागतो आहे. मन खात असलेला माणूस पश्चात्तापाच्या वाटेला लागलाच आहे, असे आपण सहज धरून चालतो, पण अपराधाची टोचणी माणसाला अधिक क्रूरही करू शकते. मार मिळत नाही म्हटल्यावर अमीर दुसरा उपाय शोधतो. तेराव्या वाढदिवसाला मिळालेले घड्याळ आणि काही नोटा तो हसनच्या गादीखाली सरकवतो आणि चोरीचा आळ त्याच्यावर आणतो.

माझ्या मते या कादंबरीतला खरा विश्वासघात हाच. गल्लीत जे झाले ते काही क्षणांत झाले. हे मात्र विचार करून, घरात सामसूम असताना, शांत हातांनी केलेले काम आहे. अमीरचे बाबा विचारतात आणि हसन चोरी कबूल करतो. अमीरने गल्लीत सगळे पाहिले होते हे हसनला ठाऊक होते, आणि तरीही तो आपल्याला वाचवतो आहे, हे अमीरच्या त्याच क्षणी लक्षात येते. चोरी हे एकच खरे पाप असे आयुष्यभर सांगणारे बाबा तत्काळ क्षमा करतात, तरी नोकर अली आपल्या मुलाला, हसनला, घेऊन पावसात घर सोडतो. खोटे बोललो हे सांगायला तेव्हाही उशीर झालेला नव्हता. अमीर खिडकीतून पाहत राहतो.

हे सारे एका मुलाच्या दुबळ्या मनाचे प्रकरण म्हणून वाचले तर फार काही निसटते. हसन हजारा या अफगाणिस्तानातल्या अल्पसंख्य जमातीचा आहे, शिया आहे, नोकराचा मुलगा आहे. अमीर वर्चस्व असलेल्या पश्तून जमातीचा, सुन्नी आणि मालकाचा मुलगा. अफगाण राज्यकर्ता अब्दुर रहमान खान याच्या राजवटीत, १८९० च्या दशकात, हजारांचे उठाव अत्यंत निर्घृणपणे चिरडले गेले, आणि त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या वाट्याला हलकी कामे आणि अवहेलना आली. गल्लीतून पळताना, तो तर हजाराच आहे, हा विचार अमीरच्या मनात येऊन जातो. बारा वर्षांच्या मुलाला हे वाक्य स्वतः घडवावे लागत नाही, ते समाजाने त्याच्या हाती आयतेच दिलेले असते. ज्याचा घात करायचा तो आपल्यापेक्षा कमी मोलाचा असल्याचे आधीच ठरलेले असेल, तर भित्रेपणा किती सोपा होतो, हे हुसैनी फार नेमके दाखवतात.

पुढे सोव्हिएत फौजा येतात, बाप-लेक कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला पोहोचतात, अमीरचे सोरायाशी लग्न होते. सोराया आपला भूतकाळ लग्नाआधीच सांगून टाकते. अमीर स्वतःचा सांगत नाही. २००१ मध्ये बाबांचा जुना मित्र रहीम खान याच्या बोलावण्यावरून तो पेशावरला जातो, तेव्हा हसन हा बाबांचाच मुलगा होता आणि तालिबानने त्याला ठार केले आहे, हे त्याला एकाच भेटीत कळते. बाबांनी अनाथाश्रम बांधला, गरिबांना सढळ हाताने दिले ते याच टोचणीपोटी, आणि अपराधातून चांगले काम उभे राहिले की तेच खरे परिमार्जन, असे रहीम खान पत्रात लिहितो. अनेकांना हा कादंबरीचा गाभा वाटतो. मला तो पटत नाही. बाबांनी हसनच्या जन्मतः दुभंगलेल्या ओठाची शस्त्रक्रिया करून दिली, त्याच्यावर माया केली, हे खरे. पण परक्यांच्या अनाथ मुलांना छप्पर देणाऱ्या या माणसाचा स्वतःचा मुलगा त्याच्याच अंगणातल्या खोपटात राहत होता. ज्याचे देणे होते त्याला सोडून त्यांनी इतरांना दिले.

हसनच्या अनाथ मुलाला शोधून आणायला अमीर अफगाणिस्तानात परततो आणि चालक फरीदच्या भावाकडे रात्री मुक्काम करतो. घरातली मुले टक लावून पाहतात. त्यांना घड्याळ हवे आहे असे वाटून तो ते देऊन टाकतो. खरे तर मुले त्याच्या ताटाकडे पाहत होती. पाहुण्याला जेवू घालून त्यांच्यासाठी काही उरलेले नव्हते. सकाळी निघण्याआधी अमीर मूठभर नोटा त्यांच्या गादीखाली लपवून ठेवतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी याच हाताने असेच पैसे गादीखाली ठेवले होते. लेखक हा धागा मोजक्याच शब्दांत दाखवून पुढे जातो, आणि मला तो संपूर्ण पुस्तकातला सर्वांत प्रामाणिक क्षण वाटतो.

मग असेफशी गाठ पडते. गल्लीत हसनवर अत्याचार करणारा तोच असेफ आता तालिबानचा म्होरक्या असावा, हा योगायोग मला खटकतो. पण तो अमीरला मरेस्तोवर मारत असताना अमीर हसू लागतो, ते मात्र अगदी खरे आहे. डाळिंबाच्या झाडाखाली न मिळालेला मार अखेर मिळतो आणि त्याला मोकळे वाटते. अनेक वाचक इथे प्रायश्चित्त पुरे झाले असे मानतात. मोकळे झाले ते अमीरचे मन. हसनच्या मुलाला, सोहराबला, त्यातून काय मिळाले? तुला अनाथाश्रमात पाठवणार नाही असे वचन अमीर त्याला देतो, आणि इस्लामाबादेत दत्तक घेण्याची कायदेशीर अडचण येताच तेच वचन मोडण्याचा प्रस्ताव त्याच्यासमोर ठेवतो. सोहराब मनगटाच्या नसा कापून घेतो. फुटलेल्या बरगड्या आणि तारेने बांधलेला जबडा घेऊनही अमीर तिसऱ्यांदा त्याच जागी उभा असतो.

एक आक्षेप मात्र नोंदवायलाच हवा. हसन फार निष्कलंक रंगवला आहे. एका पत्राखेरीज त्याचा स्वतःचा आवाज आपल्याला मिळत नाही, त्याचा राग तर कधीच दिसत नाही. घात करणाऱ्याला तीनशेहून अधिक पाने आणि ज्याचा घात झाला त्याला एक पत्र, ही वाटणी मला अजून सलते.

म्हणूनच शेवटची पाने मला मोलाची वाटतात, कारण सोहराब हसनसारखा नाही. तो क्षमा करत नाही, बोलतही नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या घरात कित्येक महिने तो भिंतीकडे तोंड करून पडून राहतो आणि अमीरला त्या मौनाच्या सोबतीने रोज उठावे लागते. तिथे मार नाही, हसू नाही, मोकळे वाटणेही नाही. मग मार्च २००२ मधल्या एका पावसाळी दिवशी बागेत पतंग चढतो, समोरचा कटतो, आणि सोहराबच्या ओठांची एकच कड किंचित वर जाते. कटलेला पतंग तुझ्यासाठी आणू का, असे अमीर त्याला विचारतो. आजवर पतंगामागे हसन धावत आला होता. आता चाळिशीकडे झुकलेला अमीर पोरांच्या घोळक्यातून स्वतः धावत सुटतो, आणि तो परत येईपर्यंत ते हसू टिकले की नाही, हे लेखक सांगत नाही.