‘टीव्ही गादीवर पालथा टाका’ : एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

मे महिना लागला की मुंबई-पुण्यात भाड्याची घरे बदलणाऱ्यांची धांदल सुरू होते. अकरा महिन्यांचा करार संपत आलेला असतो, आणि शाळा उघडण्याच्या व पाऊस पडण्याच्या आत सामान नव्या घरी लागावे अशी प्रत्येकाची घाई असते. याच दिवसांत मोबाइलवर एक सल्लाही हमखास फिरू लागतो. मोठ्या पडद्याचा टीव्ही हलवण्यासाठी खोके, फोम, जास्तीचा माणूस यांवर खर्च करणे हा निव्वळ भाबडेपणा आहे, असे त्याचे म्हणणे. टीव्ही गादीवर पालथा टाकावा, कारण स्टँड बसवताना तो पालथाच ठेवा असे कंपनीचे माहितीपुस्तकच सांगते. वरून चादर गुंडाळून दोरीने घट्ट आवळावा. आजचे टीव्ही हलके असल्याने एक माणूस पुरतो. विमा घेतला असेल तर चिंतेचे कारणच नाही. आणि नव्या घरी पोहोचताच, टेम्पोवाला जायच्या आत, टीव्ही लावून पाहावा. असे हे पाच मुद्दे आहेत.

या सल्ल्याला एक पूर्वपीठिका आहे आणि ती मान्य करूनच पुढे गेले पाहिजे. पिक्चर ट्यूबचा जुना ‘डबा’ टीव्ही आमच्या घरातून तीन वेळा हलला आणि तिन्ही वेळा तो गादीवर तोंड खाली करून नेला. त्याला काहीही झाले नाही. त्या टीव्हीचे सारे वजन पुढच्या बाजूला असे, पुढची काच जाड आणि फुगीर असे, आणि मागे निमुळती होत गेलेली नळी हा त्याचा नाजूक भाग असे. त्यामुळे तोंडावर निजवणे हेच त्याच्यासाठी शहाणपणाचे होते. टीव्ही बदलला, त्याचा बळकट भाग आणि नाजूक भाग यांची अदलाबदल झाली, परंतु सल्ला मात्र तोच राहिला.

आता पहिला दावा, कारण उरलेल्या बहुतेक चुका त्याच्याच पोटातून निघतात. ५५ इंची टीव्हीचा पडदा साधारण १२२ सेंटिमीटर रुंद आणि ६८ सेंटिमीटर उंच असतो. एलसीडी प्रकारच्या पडद्यात, म्हणजे बाजारात ‘एलईडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या टीव्हीतही, एवढ्या विस्ताराच्या दोन काचा एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि त्यांतील प्रत्येकीची जाडी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. त्या दोहोंमधल्या काही मायक्रॉनच्या फटीत, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या-विसाव्या भागाएवढ्या जागेत, द्रवस्फटिकाचा (लिक्विड क्रिस्टलचा) थर असतो. असा पत्रा आडवा धरला की तो स्वतःच्या वजनानेच मधोमध वाकू पाहतो. शाळेतली प्लास्टिकची फूटपट्टी घेऊन हे घरच्या घरी पाहता येईल. ३ मिलिमीटर जाड आणि ३० मिलिमीटर रुंद अशी पट्टी दोन वह्यांच्या टेकूवर आडवी ठेवून मध्ये बोटाने दाबली तर ती सहज लवते. तीच कडेवर उभी करून दाबली तर हलत नाही. दुसऱ्या स्थितीत तिचा वाकण्याला होणारा विरोध शंभर पट असतो, कारण हा विरोध भाराच्या दिशेतल्या उंचीच्या घनाने आणि रुंदीच्या सरळ प्रमाणात बदलतो : उंची दहापट झाली म्हणून हजारपट, आणि रुंदी दहावा भाग झाली म्हणून त्याचा दहावा भाग. टीव्हीच्या पडद्याच्या बाबतीत हा फरक शेकड्यांच्या कितीतरी पुढे जातो, आणि टीव्ही उभाच न्यावा या नियमाचे मूळ इथे आहे.

या नियमाचे दुसरे एक कारणही लोक सांगतात, ते चुकीचे आहे. टीव्ही आडवा केला की पडद्यातला द्रव एका बाजूला वाहून जातो आणि म्हणून डाग पडतात, असा समज गावोगाव आहे. इतक्या अरुंद आणि चारही कडांनी बंद केलेल्या फटीतला थर आडवे केल्याने वाहत नाही. नुकसान द्रवाचे होत नाही, काचेचे होते. हे वेगळे करून सांगण्याचे कारण असे की चुकीच्या कारणावर उभा असलेला बरोबर नियम फार काळ टिकत नाही. कोणीतरी टीव्ही तासभर आडवा ठेवतो, द्रव वाहत नाही, आणि मग सगळा नियमच थोतांड ठरतो.

आता माहितीपुस्तकाचा आधार. तो खोटा नाही. बऱ्याच कंपन्यांची पुस्तके स्टँडचे पाय बसवताना सपाट टेबलावर मऊ कापड पसरून टीव्ही पालथा ठेवायला सांगतात आणि दुरुस्तीला आलेला कारागीरही मागचे झाकण उघडताना तेच करतो. परंतु तिथे टेबल सपाट व घट्ट असते, पडद्याला सगळीकडून सारखा आधार मिळतो, वर कशाचेही ओझे नसते, आणि मुख्य म्हणजे टेबल चालत नाही. गादी सपाट नसते. कापसाची असेल तर तिच्यात गोळे असतात, स्प्रिंगची असेल तर कडेला कडक आणि मध्ये मऊ असते. टेम्पोत प्रत्येक गतिरोधकावर आणि खड्ड्यात टीव्हीचे वजन क्षणभर दुप्पट-तिप्पट झाल्यासारखे आदळते, आणि मागची लोखंडी चौकट, वीजपुरवठ्याची पाटी (सर्किट बोर्ड), ध्वनिवर्धक हे सारे त्या अर्ध्या मिलिमीटरच्या काचेवर वरून दाबले जाते. त्यातच आडवी सपाट जागा दिसली की हमाल तिच्यावर काहीतरी ठेवणारच. त्याला दोष देता येत नाही, टेम्पोत जागा तेवढीच असते. ज्या टीव्हीत दिव्यांच्या रांगा पडद्याच्या मागे सर्वत्र पसरलेल्या असतात, त्यात प्रत्येक दिव्यावर चिकटवलेले बारीक भिंग धक्क्याने सुटून पडण्याचीही शक्यता असते; मग पडदा शाबूत राहूनही चित्रावर पांढरे ठिपके दिसतात. ओएलईडी टीव्हीत मागे दिव्यांचा थर नसल्याने पडद्याचा भाग आणखी पातळ असतो, आणि तो वाकण्याच्या बाबतीत तर अधिकच हळवा असतो.

चादर आणि घट्ट दोरी हा दुसरा उपाय पहिल्याहून वाईट आहे, कारण तो काळजी घेतल्याचे समाधान देऊन नुकसान करतो. दोरी आवळली की तिचा सगळा ताण पडद्यावरच्या एका रेषेत उतरतो. चादरीची चुणी, तिच्यात राहिलेले एखादे बटण किंवा सेफ्टी पिन यांच्यामुळे तोच ताण एका बिंदूवर येतो. मूळ खोक्याचे महत्त्व त्याच्या पुठ्ठ्यात नसते. आतले थर्माकोलचे कोपरे टीव्हीला चौकटीवर पकडतात आणि पडद्यासमोर मोकळी जागा सोडतात, पडद्याला कोणीही स्पर्श करत नाही, हे त्याचे मर्म आहे. म्हणून घरात माळ्यावर जागा असेल तर ते खोके भंगारात देऊ नये. दिलेच असेल, आणि बहुतेकांनी दिलेलेच असते, तर पॅकर्सकडे टीव्हीसाठी मापाने कमीजास्त होणारी खोकी मिळतात. तेही नसेल तर क्रम असा ठेवावा : पडद्यावर आधी पातळ फोमचा कागद, त्यावर पडद्याएवढा सपाट जाड पुठ्ठा, मग चौकटीच्या चारही कोपऱ्यांना थर्माकोल किंवा घड्या घातलेला पुठ्ठा, आणि सर्वात वर बबलरॅप, त्याचे फुगे बाहेरच्या बाजूला ठेवून. चिकटपट्टी पडद्यावर कुठेही लागता कामा नये. तिचा गोंद काढताना पडद्यावरचा लेप निघतो.

टेम्पोत उभा ठेवायचा म्हणजे नेमका कसा, याविषयी फारसे कोणी बोलत नाही. टीव्हीची रुंदी गाडीच्या लांबीला समांतर ठेवावी. तशाने ब्रेकचा धक्का आणि खड्ड्याचा धक्का हे दोन्ही पडद्याच्या पातळीतच लागतात, म्हणजे उभ्या फूटपट्टीवर लागतात. घाटातल्या वळणांचा कडेचा झोक तेवढा उरतो. त्यासाठी गाडीच्या बाजूच्या फळक्याला गादी उभी लावावी, टीव्हीची पडद्याची, म्हणजे पुठ्ठा लावलेली बाजू तिच्याकडे करावी, खाली घडी घातलेली गोधडी द्यावी आणि मागून दुसरी गादी किंवा अंथरुणांचे गाठोडे लावून सारे हलणार नाही इतपतच बांधावे. फिरत्या सल्ल्यातली गादी बरोबरच आहे. ती फक्त टीव्हीच्या खाली नको, बाजूला हवी. खुर्चीचे पाय, सिलिंडर आणि सायकलचे हँडल यांना दुसऱ्या टोकाला जागा द्यावी. टीव्ही स्वतःच्या मोटारीने न्यायचा विचार असेल तर आधी मागच्या दाराचे माप घ्यावे. ५५ इंची टीव्ही लहान मोटारीच्या मागच्या सीटवर उभा जात नाही, आणि मग शेवटी तो आडवाच जातो.

तिसरा दावा एका माणसाचा. वजनाचा हिशेब चुकीचा नाही. ५५ इंची टीव्ही स्टँडशिवाय पंधरा किलोच्या आसपास भरतो आणि तांदळाचे पंचवीस किलोचे पोते उचलणाऱ्याला ते काहीच नाही. पण पोत्याला सव्वा मीटर रुंदी नसते. एकट्या माणसाला दोन्ही कडा धरायच्या तर हात पूर्ण फाकवून टीव्ही छातीशी टेकवावा लागतो, आणि मग शर्टाचे बटण, पट्ट्याचे बक्कल किंवा हनुवटी पडद्यावर येते. आजच्या टीव्हींची चौकट इतकी बारीक झाली आहे की चिमटीत कड धरली की अंगठा काचेवरच पडतो, आणि पडद्याच्या लांब कडेला चित्राचे संकेत पोहोचवणाऱ्या अरुंद लवचिक पट्ट्या चिकटवलेल्या असतात. तिथे दाब पडून एखादी पट्टी सुटली की टीव्हीवर वरपासून खालपर्यंत कायमची रेघ उमटते; काच कुठेही तडकलेली नसते आणि काय बिघडले हे कोणालाच कळत नाही. म्हणून दोन माणसे, दोन बाजूंना, एक हात खालून व एक हात मागून, आणि जिन्यात पुढचा माणूस बोलत राहणारा. इमारतीच्या लिफ्टचे माप आदल्या दिवशी घ्यावे.

विम्याचा मुद्दा अधिक गंभीर आहे, कारण इथे अर्धसत्य आहे. पॅकर्सच्या अंदाजपत्रकात विम्याच्या नावाने काही टक्के रक्कम लावलेली असते, परंतु विमा कंपनीची पॉलिसी हातात आली नसेल तर तो विमा नव्हे, ते केवळ त्या व्यावसायिकाचे आश्वासन आहे. खरी पॉलिसी असली तरी बाहेरून इजा दिसत नसताना आतला विद्युत किंवा यांत्रिक बिघाड, आणि मालकाने स्वतः केलेली बांधाबांध, या दोन गोष्टी सामान्यतः वगळलेल्या असतात; म्हणजे चादरीत गुंडाळलेला टीव्ही आणि वर सांगितलेली ती रेघ, दोन्ही बाहेर. कंपनीची वॉरंटी तर फुटलेल्या पडद्याला लागूच होत नाही, आणि पडदा हाच टीव्हीचा सर्वात महाग भाग आहे. माल वाहून नेणाऱ्याची जबाबदारी ‘कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट, २००७’ या कायद्याने ठरते. १८६५ चा जुना कायदा रद्द करून तो आला आणि १ मार्च २०११ पासून लागू झाला. जास्त किमतीची जोखीम आधी ठरवून घेतली नसेल तर २०११ च्या नियमांनुसार भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंत, आणि तीही जाहीर केलेल्या किमतीच्या मर्यादेतच राहते. नुकसानीची लेखी नोटीस माल नोंदवल्यापासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. तेव्हा बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराच्या मालपावतीवर, ‘घरसामान, एक टेम्पो’ एवढेच लिहू देऊ नये. टीव्हीचे माप, मॉडेल क्रमांक आणि किंमत स्वतंत्र ओळीत लिहून घ्यावी, आणि बांधण्याआधी चालू टीव्हीचे, पांढऱ्या चित्रासह, छायाचित्र काढून ठेवावे.

पाचव्या दाव्याशी मी निम्मा सहमत आहे. टेम्पोवाला असतानाच पाहावे, हे बरोबरच. मात्र आधी टीव्ही न लावता पाहावे : खोके उघडून बॅटरीचा प्रकाश पडद्यावर तिरपा टाकला की तडा कोळ्याच्या जाळ्यासारखा दिसतो. लगेच वीज देणे नेहमीच सुरक्षित नसते. गार झालेली वस्तू उबदार दमट हवेत आली की तिच्यावर दव धरते, आणि ते आतल्या पाट्यांवरही धरते. मुंबईतल्या मुंबईत मे महिन्यात याची धास्ती घेण्याचे कारण नाही. पण डिसेंबरातल्या पहाटे महाबळेश्वरहून निघून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलेल्या, किंवा पावसात ताडपत्री गळालेल्या टेम्पोतून आलेल्या टीव्हीला दोन-तीन तास खोलीच्या हवेत उभा राहू द्यावे. तोवर टेम्पोवाला थांबणार नाही, हे उघड आहे. म्हणून पोच देताना सहीच्या वर ‘टीव्ही चालू करून पाहिलेला नाही’ असे स्वतःच्या अक्षरात लिहावे आणि त्या कागदाचे छायाचित्र काढावे. सही करून घेणाऱ्याला ते आवडत नाही, पण तो अडवूही शकत नाही.