मारुती एस्टीम गाडीच्या ऑइल गळतीच्या रिव्ह्यूला गॅरेजतर्फे उत्तर

नमस्कार साहेब. दुरुस्तीनंतर आठ दिवसांत परत ऑइल आलं असं तुम्ही रिव्ह्यूत लिहिलंत. तुम्हाला परत खेप पडणार, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. पण "वीस मिनिटांच्या पाइपसाठी गाडी दोन दिवस अडकवली" हे वाचून फार लागलं. हे वाक्य वाचून उद्या येणारं गिऱ्हाईक परत फिरतं.

गाडी आली तेव्हा टॅपेट कव्हरमधून (इंजिनच्या वरच्या झाकणातून) ऑइल पाझरत होतं, एअर फिल्टरच्या डब्यात ऑइल साचलं होतं, डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) आपोआप वर येत होती. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतोच. पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे हा गॅस बाहेर सोडणारी छोटी झडप, त्यातून मॅनिफोल्ड (सिलिंडरला हवा पोचवणारा भाग) तो ओढून घेतं. तुमचा व्हॉल्व्ह काजळीने जाम होता, हलवला तर खुळखुळत नव्हता. त्याचा पाइप आतून फुगून चिकटला होता. ही वाट बंद झाली की प्रेशर पॅकिंगवर आणि सीलवर येतं, ब्रीदरमधून (चेंबरला हवा देणाऱ्या नळीतून) ऑइल उलटं एअर फिल्टरकडे जातं.

पहिल्या दिवशी इंजिन गरम करून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासलं. चारही सिलिंडर सारखे भरले, म्हणजे रिंगा ठीक. तुम्हाला दुसरीकडे "इंजिन खोलावं लागेल" असं सांगितलं होतं. तो खर्च वाचला, हे रिव्ह्यूत कुठेच नाही. मग नवा व्हॉल्व्ह, ऑइल सोसणारा पाइप (पाण्याचा साधा पाइप ऑइलने मऊ पडून व्हॅक्यूमने चपटा होतो), नवं पॅकिंग आणि कोपऱ्यांना सिलिकॉन. सिलिकॉन पक्कं व्हायला 24 तास लागतात. त्याआधी इंजिन चालू केलं असतं तर तिथूनच परत गळलं असतं. गाडी उभी होती ती त्यासाठी. दुसऱ्या दिवशी आयडलिंगवर (उभ्या गाडीत इंजिन हळू चालू ठेवून) ऑइल भरायच्या तोंडावर कागद ठेवला, तो आत ओढला गेला, म्हणजे गॅसची वाट मोकळी. तुम्ही समोरच होता. 1,850 रुपयांत हे सगळं आलं, नुसता पाइप नाही.

आता आठ दिवसांनी फिल्टरच्या डब्यात परत ऑइल आलं म्हणता. तुम्हीच टाकलेल्या फोटोत डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर आहे. आम्ही दोन खुणांच्या मध्ये ठेवलं होतं. जास्त ऑइल क्रँक (इंजिनच्या तळाशी फिरणारा दांडा) घुसळतो, त्याचा फेस होतो आणि गॅसबरोबर तेच वर येतं. मधे कुठे टॉपअप केलंत का, एवढं आठवून सांगा.

गाडी का थांबवतोय हे आधी नीट सांगायला हवं होतं, यापुढे सांगत जाऊ. सकाळी इंजिन थंड असताना या. जादा ऑइल काढून, डबा पुसून, व्हॉल्व्ह तुमच्यासमोर परत तपासून देतो. त्याचे पैसे घेणार नाही.