‘गोळी आली, आता ज्याचं त्याचं नशीब’ म्हणणाऱ्यांना

‘एचआयव्ही रोखणारी गोळी आली आहे. कुठंही मिळते, गरज असलेले घेतातच. आता ज्याला होईल तो आपल्या कर्मानं. वरून घेणारे मोकाट सुटतात.’ नागपुरातल्या ग्रुपांवर हे मोठ्या ठसक्यात फिरतंय.

गोळी आहे, हे खरंच. तिला प्रेप म्हणतात. अमेरिकेत २०१२ मध्ये मंजूर झाली. नेमानं घेतली तर शरीरसंबंधातून होणारी लागण सुमारे ९९ टक्के टळते.

‘कुठंही मिळते’? लागण झालेल्याला ‘मेडिकल’च्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रात औषध फुकट मिळतं. लागण टाळायची गोळी मात्र बहुतेकांना खिशातूनच घ्यावी लागते. त्याआधी एचआयव्हीची आणि किडनीची तपासणी, मग दर तीन महिन्यांनी फेरी. रोजंदारीवाल्याची तेवढ्या दिवसांची मजुरी कोण देणार?

‘गरज असलेले घेतातच’ हे तर सपशेल खोटं. अमेरिकेत गोळीची गरज असलेल्यांपैकी २०२२ मध्ये गोऱ्यांत ९४ टक्क्यांना ती लिहून दिली गेली, हिस्पॅनिकांत २४ आणि कृष्णवर्णीयांत फक्त १३ टक्क्यांना. नव्या लागणींत सगळ्यांत मोठा वाटा मात्र कृष्णवर्णीयांचाच. पैशेवाल्या देशात ही गत, तर आपल्या गंगाजमुनाचं, देहविक्री करणाऱ्या बायांच्या वस्तीचं, काय सांगावं! ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांनी त्या वस्तीला बॅरिकेड लावले. दारोदारी कंडोम देणाऱ्या, तपासणीला घेऊन जाणाऱ्या ताईनं दारच बंद झाल्यावर बायांना शोधायचं कुठं? लॉजवर?

आणखी एक. या गोळीतलं टेनोफोविर हे औषध एचआयव्हीच्या उपचारातही वापरतात. डबी पाहिली की केमिस्टच्या पोऱ्याला, घरमालकाला, रूममेटला एकच वाटतं: याला ‘तो’ रोग आहे. मग पोरं गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत ओतून ठेवतात, नाहीतर घेणंच सोडतात. तृतीयपंथीयाला तर भाड्यानं खोली मिळतानाच मारामार. अशी डबी सापडली तर तीही जायची. याला बेफिकिरी म्हणायचं काय?

राहिलं ‘मोकाट’. गोळीनं सिफिलिस, गनोरिया थांबत नाही, म्हणून डॉक्टर कंडोमही वापरायला सांगतातच. आणि नीट गोळी घेणारा दर तीन महिन्यांनी रक्त तपासून घेतो. मेसेज पुढं ढकलणाऱ्यांपैकी कितींनी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी केली, ग्रुपवर विचारून पाहा.