सेक्शन ८ म्हणजे फुकट घर नव्हे, काका

गेल्या महिन्यात माहेरच्या ग्रुपवर एक निरोप आला. तोच शाळेच्या ग्रुपवर, तोच इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर. मजकूर थोडक्यात असा: ‘अमेरिकेत सेक्शन ८ नावाची योजना आहे. गरीब म्हणून नाव नोंदवलं की सरकार फुकट घर देतं, तेही जन्मभर. कामाला जायची गरज नाही. बेकायदा घुसलेल्यांनाही मिळतं. असे भाडेकरू घरमालकांच्या गळ्यात मारले जातात, चांगल्या वस्त्या बिघडतात आणि पैसा जातो कष्ट करून कर भरणाऱ्यांचा. समाजवाद देश कसा बुडवतो ते बघा.’ धाकट्या काकांनी खाली विचारलं होतं, ‘तू तिथेच आहेस. खरं आहे का गं?’

नाही काका, खरं नाही. मी न्यू जर्सीत राहते. आमचं दोन कुटुंबांचं जुनं घर आहे. खाली आम्ही, वर भाडेकरू. गेली काही वर्षं वरच्या मजल्यावर राहणारी बाई याच योजनेतल्या व्हाउचरवर, म्हणजे भाड्याचा काही हिस्सा सरकार भरेल अशा चिठ्ठीवर, राहते. म्हणून दोन ओळींत ‘अफवा आहे’ म्हणून सोडून देववत नाही. निरोपातली वाक्यं एकेक घेऊन उत्तर देते.

‘सरकार फुकट घर देतं.’ सरकार घर देत नाही. सरकारी इमारतींमधली घरं ही वेगळी योजना आहे. व्हाउचरवाल्याने आपल्यासारख्या खासगी मालकाचं घर स्वतः शोधायचं, स्वतः करार करायचा आणि भाड्यातला आपला हिस्सा दर महिन्याला स्वतः भरायचा. उरलेला हिस्सा स्थानिक हाउसिंग अथॉरिटी, म्हणजे गावाचं सरकारी गृहनिर्माण मंडळ, थेट मालकाच्या खात्यात जमा करते. भाडेकरूच्या हातात एक डॉलरही येत नाही.

हिस्सा ठरतो कसा, ते एका कल्पित कुटुंबाच्या आकड्यांवरून सांगते, कारण वरच्या बाईचं उत्पन्न चारचौघांत सांगणं बरं नाही. समजा आई आणि दोन मुलं आहेत, वर्षाची कमाई २४,००० डॉलर. मुलांपोटी साधारण १,००० वजा केले की राहिले २३,०००, म्हणजे महिन्याला १,९१६. त्याचे ३० टक्के ५७५. हा तिचा हिस्सा. त्या भागासाठी अथॉरिटीने वीज-गॅस धरून २,००० डॉलरची मर्यादा ठरवली असेल आणि घरही तेवढ्यालाच मिळालं, तर उरलेले १,४२५ अथॉरिटी देते. घर २,१०० चं असेल तर वरचे शंभर तिच्या खिशातून. २,३०० चं असेल तर ते तिला घेताच येत नाही, कारण सुरुवातीला तिचा हिस्सा उत्पन्नाच्या ४० टक्क्यांच्या वर जाणार असेल तर अथॉरिटी करार मंजूर करत नाही.

ही मर्यादा आलिशान फ्लॅटसाठी नसते. केंद्राचं गृहनिर्माण खातं दरवर्षी प्रत्येक भागाचं ‘रास्त भाडं’ जाहीर करतं. बाजारातल्या भाड्यांची चढती रांग लावली तर साधारण चाळिसाव्या टक्क्यावर जे भाडं येईल ते, म्हणजे मधल्या भाड्यापेक्षाही खालचं. अथॉरिटी सहसा त्याच्या ९० ते ११० टक्क्यांच्या आत आपली मर्यादा ठरवते.

‘जन्मभर’ हेही खरं नाही. उत्पन्नाची तपासणी पुन्हा पुन्हा होते. त्याच कुटुंबाची कमाई २७,००० झाली की हिस्सा ५७५ वरून ६५० होतो आणि सरकारचा तेवढाच घटतो. कमाई इतकी वाढली की सरकारने द्यायची रक्कम शून्यावर आली, तर १८० दिवसांनी मदत आपोआप बंद होते.

‘नाव नोंदवलं की मिळतं.’ सगळ्या निरोपात मला सर्वांत जास्त खटकलं ते हे. काका, तुम्ही म्हाडाच्या लॉटरीचा फॉर्म किती वर्षं भरत होतात ते मला आठवतं. इथे त्याहून वाईट आहे, कारण बऱ्याच गावांत फॉर्म भरायची खिडकीच वर्षानुवर्षं बंद असते. न्यूयॉर्क शहराने आपली व्हाउचरची यादी जून २०२४ मध्ये जवळजवळ पंधरा वर्षांनी उघडली, तीही एका आठवड्यासाठी. सहा लाखांहून जास्त अर्ज आले. लॉटरी काढून त्यातल्या दोन लाखांना जागा मिळाली. ही जागा व्हाउचरची नव्हे, नुसत्या वेटिंग लिस्टमधली. लॉस एंजेलिसने २०२२ मध्ये यादी उघडली तेव्हा ३०,००० जागांसाठी दोन लाखांवर लोकांनी अर्ज केले.

याचं कारण पैशाच्या व्यवस्थेत आहे. अन्नाची कुपनं पात्र ठरलेल्या प्रत्येकाला मिळतात. घरभाड्याच्या मदतीला तसा हक्क नाही. काँग्रेस, म्हणजे इथली संसद, दरवर्षी जेवढी रक्कम मंजूर करते तेवढीच व्हाउचरं चालतात. आज सुमारे २३ लाख कुटुंबं ती वापरतात. सगळ्या केंद्रीय योजना एकत्र धरल्या तरी पात्र असलेल्या चार कुटुंबांपैकी साधारण एकालाच भाड्याची काही मदत मिळते. बाकी तिघं पूर्ण भाडं भरतात, नाहीतर नातेवाइकांच्या हॉलमध्ये, गाडीत किंवा निवाऱ्यात राहतात.

आणि नंबर लागला तरी घर मिळालं असं नाही. व्हाउचर हाती आल्यावर घर शोधायला किमान ६० दिवस मिळतात, कुठे मुदत वाढवूनही देतात. डिपॉझिट भाडेकरूने स्वतः उभं करायचं. न्यू जर्सीत ते दीड महिन्याच्या भाड्याइतकं असू शकतं. मग मालकाने हो म्हणायला हवं. आमची भाडेकरू आमच्याकडे आली तेव्हा तिच्या पर्समध्ये एक घडी घातलेला कागद होता. त्यावर तिने घरांचे पत्ते लिहून एकेक खोडले होते. दोन्ही बाजू भरल्या होत्या. मुदत संपायला नऊ दिवस उरले होते. दार उघडल्यावर तिचं पहिलं वाक्य नमस्काराचं नव्हतं. ‘माझ्याकडे व्हाउचर आहे, आधीच सांगते, म्हणजे तुमचा वेळ जायला नको.’ देशभर पाहिलं तर व्हाउचर मिळालेल्या दहांपैकी चारेक कुटुंबांना मुदतीत घरच सापडत नाही आणि वर्षानुवर्षं थांबून मिळालेलं व्हाउचर परत जातं.

‘मालकांच्या गळ्यात मारले जातात.’ मुंबईतल्या माणसाच्या डोळ्यांपुढे इथे पागडीची खोली उभी राहते, हे मला कळतं. गोठलेलं भाडं, न निघणारा भाडेकरू, डागडुजीलाही न पुरणारे पैसे. व्हाउचरचा त्याच्याशी काही संबंध नाही. मालकाला आसपासच्या तशाच घराला जे भाडं मिळतं ते मिळतं. त्याहून जास्त मागितलं तर अथॉरिटी नाकारते. भाडेकरूकडून वरचे पैसे गुपचूप घेणं हा नियमभंग आहे. भाडेकरूने आपला हिस्सा थकवला किंवा घराची नासधूस केली तर इतर भाडेकरूंसारखीच कोर्टाची वाट मोकळी असते. पूर्वीची भाडी, मागच्या मालकाचं मत, हे सगळं मालक तपासू शकतो.

निवडीबद्दल मात्र नीट सांगायला हवं. न्यू जर्सीत किंवा न्यूयॉर्कमध्ये केवळ व्हाउचर आहे म्हणून माणसाला नाही म्हणणं कायद्याने मना आहे. पण तसा केंद्रीय कायदा नाही. टेक्सासने तर २०१५ मध्ये उलटा कायदा केला: शहरांनी मालकांवर अशी सक्ती करू नये. देशाच्या मोठ्या भागात चित्र ‘गळ्यात मारतात’च्या अगदी उलट आहे.

मालकाच्या बाजूचा खरा त्रास निरोपात नाहीच, म्हणून तो मीच सांगते: कागदपत्रं आणि इन्स्पेक्शन. भाडेकरू राहायला येण्याआधी निरीक्षक येतो. आमच्याकडे आलेला माणूस बूट पुसून आत आला आणि पहिल्यांदा छतावरच्या स्मोक अलार्मचं बटण दाबलं. मग प्रत्येक खिडकी वर करून, सोडून, कडी लागते का पाहिलं. नळाचं गरम पाणी हाताने बघितलं, शेगडीची चारही बर्नर पेटवली, स्वयंपाकघरातल्या एका प्लगच्या पट्टीला गेलेला तडा टिपून घेतला. शेवटी मागच्या खोलीच्या खिडकीखाली गुडघ्यावर बसला आणि नखाने रंगाची एक पापडी उचलली. घर १९७८ च्या आधीचं आणि भाडेकरूचं मूल सहा वर्षांखालचं असेल तर सोलवटलेला रंग चालत नाही, कारण त्यात शिसं असू शकतं. आम्ही नापास झालो. रंग नियमाप्रमाणे काढून घेतला, पट्टी बदलली, दुसऱ्या तपासणीत पास झालो. अथॉरिटीकडून भाड्याचा पहिला हप्ता यायला त्यानंतरही सहा आठवडे लागले. रिकाम्या घराच्या कर्जाचे हप्ते आम्ही भरत होतो, राग आला होता. पण त्या पापडीकडे आम्ही स्वतः कितीतरी वर्षं पाहिलं नव्हतं, आणि आमची मुलंही लहानपणी त्याच खोलीत खेळली होती.

‘कामाला जायची गरज नाही.’ व्हाउचरवरच्या निम्म्याहून अधिक घरांचे कर्ते वृद्ध किंवा अपंग आहेत. उरलेल्यांत बरेच जण काम करतात. आमची भाडेकरू नर्सिंग होममध्ये आजाऱ्यांना अंघोळ घालण्याचं, कुशीवर वळवण्याचं काम करते. तिचे जिन्यावरचे पाय पहाटे पाचला वाजतात. तरीही या वाक्यात थोडं तथ्य आहे आणि ते लपवणं बरोबर नाही. शिकागोत १९९७ मध्ये व्हाउचरची मोठी लॉटरी झाली. ज्यांना लागलं आणि ज्यांना नाही, त्यांची तुलना ब्रायन जेकब आणि जेन्स लुडविग यांनी केली. व्हाउचर मिळालेल्यांत काम करणाऱ्यांचं प्रमाण सुमारे चार टक्क्यांच्या फरकाने कमी निघालं, कमाई सुमारे दहा टक्क्यांनी कमी. वाढीव कमाईतला तिसरा हिस्सा भाड्यात जाणार असेल तर जादा पाळी घेताना माणूस विचार करणारच. ही त्रुटी आहे. पण चार टक्क्यांच्या फरकाला ‘कामाला जायची गरज नाही’ म्हणणं हा कष्ट करणाऱ्या माणसांचा अपमान आहे.

‘बेकायदा घुसलेल्यांनाही मिळतं.’ नाही. १९८० च्या कायद्याचं कलम २१४ हे स्पष्ट करतं. नागरिक, ग्रीन कार्डधारक, शरणार्थी अशा ठरावीक लोकांनाच मदत मिळते. एच-वन-बी व्हिसावर नोकरीसाठी आलेल्या आपल्या मुलांनाही मिळत नाही. कुटुंबात काही पात्र आणि काही अपात्र असतील, जसं की मूल नागरिक आणि आई कागदांविना, तर मदत त्या प्रमाणात कापून मिळते. बहुधा याच कापलेल्या मदतीवरून निरोपातली ओळ रचलेली आहे.

‘वस्त्या बिघडतात.’ न्यूयॉर्क विद्यापीठाशी संबंधित तीन संशोधकांनी २०१२ मध्ये दहा शहरांची आकडेवारी पाहिली. व्हाउचरवाले आल्यावर गुन्हे वाढले, याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. उलटा क्रम दिसला: जिथे गुन्हे आधीच वाढत होते तिथे व्हाउचरवाले जाऊन पोचत होते, कारण तिथलीच दारं त्यांना उघडत होती.

दारं चांगल्या वस्तीत उघडली तर काय होतं, हेही पाहिलं गेलं आहे. १९९४ पासून बाल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या शहरांत सुमारे ४,६०० कुटुंबांवर एक प्रयोग झाला. काहींना फक्त कमी गरिबीच्या वस्तीतच वापरता येईल असं व्हाउचर दिलं. वीस वर्षांनी राज चेट्टी, नॅथॅनियल हेंड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी त्या कुटुंबांतल्या मुलांची कमाई तपासली. तेराव्या वर्षाच्या आत ज्यांचं घर बदललं, ती मुलं पंचविशीत इतरांपेक्षा सुमारे ३१ टक्के जास्त कमावत होती. मोठ्या मुलांना असा फायदा दिसला नाही. आईवडिलांच्या कमाईतही फरक पडला नाही. म्हणजे घराची ती चिठ्ठी लहान मुलाच्या हाती वेळेवर पडायला हवी, आणि वेळेवर पडणं हीच या योजनेतली सर्वांत अवघड गोष्ट आहे.

‘समाजवाद.’ याला दोन-तीन वाक्यं पुरेत. सरकारने इमारती बांधू नयेत, बाजारातल्या घरांसाठी पैसे द्यावेत, हा विचार निक्सन यांच्या काळातला. कायद्यावर १९७४ मध्ये सही केली जेराल्ड फोर्ड यांनी, आणि व्हाउचरचं रूप आणलं रेगन यांच्या सरकारने. तिघेही रिपब्लिकन.

राहिला कर भरणाऱ्यांचा पैसा. खर्च मोठा आहे, २०२४ च्या तरतुदीत सुमारे ३२ अब्ज डॉलर. तो कुठे जातो हे विचारण्याचा हक्क माझ्यासह प्रत्येकाला आहे. पण मग सगळंच सांगू या. आम्ही हे घर घेतलं तेव्हापासून कर्जावरच्या व्याजाची वजावट करात घेत आलो. साडेसात लाख डॉलरपर्यंतच्या गृहकर्जावरचं व्याज इथे वजा करता येतं, आणि कर्ज जितकं मोठं तितका फायदा मोठा. सरकारच्या तिजोरीतून घरासाठी मिळणारी ती मदतच आहे. त्यासाठी आम्ही कधी रांगेत उभे राहिलो नाही, कोणी आमच्या खिडक्यांच्या कड्या तपासल्या नाहीत, आणि ‘यंदा पैसे संपले, पंधरा वर्षांनी या’ असं आम्हाला कोणी सांगितलं नाही. काका, तुम्ही विचारलंत म्हणून हे लिहिता आलं. ज्यांच्याकडून तो निरोप तुमच्याकडे आला, त्यांनाही हे पाठवाल का?